मेढीवरच्या टिकल्या

प्रशिक्षणाच्या वेळची माझी वही अजून पिशवीत असते. पहिल्या पानावर लाल शाईच्या चौकटीत एक नियम लिहिलेला आहे. जनावर सकाळी माजावर दिसलं तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरवायचं म्हणजे गाभण राहण्यासाठी रेतन करायचं. शिकवणारे सर म्हणाले होते, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. मी विसरलो नाही. आमच्या तांड्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी माझा कॉलेजचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला, स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून मला हिंगोलीला नेलं आणि अर्ज घेणाऱ्या बाईंना "पोरगं हुशार आहे" असं उगाच दोनदा सांगितलं. असा वर आलेला माणूस फळ्यावर लिहिलेल्याचा संशय घेत नाही. बाकी सगळ्यांचा घेतो.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, असं तांड्यातली जुनी माणसं सांगतात. गुरांची समज त्यांच्या हाडात असणार. माझ्यापर्यंत ती पोचली नाही. याडी, म्हणजे माझी आई, दोन म्हशी सांभाळायची; पण मी पाचवीपासून वसतिगृहात, आणि सुट्टीत घरी आलो की ती मला गोठ्यात येऊ द्यायची नाही. "तू शिक," एवढंच म्हणायची. त्यामुळे गाय-म्हैस मी शिकलो ती आकृतीतून, बाण आणि आकडे घातलेली.

पदवीनंतर कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलं आणि एका संस्थेत लागलो. कनेरगाव नाक्याच्या अलीकडची-पलीकडची आठ गावं माझ्याकडे आली. मोटारसायकलच्या मागे पोत्यात गुंडाळलेलं नायट्रोजनचं भांडं, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या बारीक कांड्या. जनावर माजावर आलं की मालक फोन करतो. मी जातो, कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, नळीत घालतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी सोडतो. मग फॉर्म भरतो. मालकाचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, माज दिसल्याची वेळ, रेतनाची वेळ. गायींच्या बाबतीत माझं काम चांगलं चाललं होतं. लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही हे पहिल्या महिन्यात प्रत्येकाला सांगितलं, नंतर सोडून दिलं. म्हणताना काही जण हसत, आणि जे हसत नव्हते त्यांना दुरुस्त करून काही मिळत नव्हतं.

नाक्यापासून थोडं आत एका शेतकऱ्याचं घर होतं. घरात म्हातारा आणि त्याची सून. म्हातारी वारलेली, मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला. गोठ्यात एक म्हैस. ती सुनेच्या माहेरची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भावाने तिला लहान वगार आणून दिली होती, तिने ती वाढवली, तिची म्हैस झाली आणि ती एकदा व्याली. त्या घरातली भांडी, भिंती, वावर सगळं दुसऱ्यांचं होतं. म्हैस तेवढी तिची. आता दूध आटत चाललं होतं आणि म्हैस पुन्हा गाभण राहत नव्हती. मी दोनदा भरवली होती, दोनदा उलटली होती, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आली होती. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा म्हातारा गोठ्याच्या तोंडाशी तंबाखू मळत बसला होता.

"डॉक्टर, ही तिसरी कांडी."

"हो बाबा."

"त्या नळीत काय हाय ते कोणी पाह्यलं?"

"सूक्ष्मदर्शकातून दिसतं. संस्थेत तपासूनच पाठवतात."

"म्हंजी तुमी बी न्हाई पाह्यलं." त्याने तंबाखू झटकली. "पलीकडल्या गावातला रेडा आजवर चुकला न्हाई. आन् तेला फारम बी लागत न्हाई."

"मग त्याच्याकडे का नेत नाही?"

"सुनेला जातिवंत वगार पायजे. तिच्या माहेरची म्हैस, तिची मर्जी. पर वैरण माझ्या वावरातली हाय. आता ही उलटली का बाजारी नेऊन सोडतो. मंग म्हणू नका सांगितलं न्हाई."

सून म्हशीपलीकडे पाठ करून उभी होती. डोक्यावर पदर. ती म्हशीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंस का बाई? तुला बाजार दाखवून राहिले. आन् तू काल सांजपासून सोंगं करून राहिली."

मला वाटलं टोमणा मलाच आहे. बायका असं कुणाला तरी पुढे करून बोलतात, हे मला माहीत होतं.  नियमाप्रमाणे संध्याकाळ होती, म्हाताऱ्याने फोन सकाळी केला होता, सगळं बरोबर होतं. मी काम केलं, हात धुतले, फॉर्मवर वेळ लिहिली आणि निघालो.

पण रस्त्यात डोकं चालायला लागलं. कांडी बरोबर, पाणी बरोबर, वेळ बरोबर, तरी म्हैस उलटते; म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय. एक शक्यता अशी की हे लोक म्हैस आधीच गुपचूप रेड्याकडे नेतात आणि नंतर मला बोलावतात, चुकलं तर नाव माझं. दुसरी अशी की म्हातारा माजाची वेळ मनाने सांगतो. त्याचा फोन तिन्ही वेळा सकाळी नऊच्या सुमारास आला होता. म्हैस घड्याळ बघून माजावर येते का?

तेव्हा मी तिथं न सांगता जायला लागलो. एकदा शेजाऱ्याच्या गाईचं निमित्त, एकदा कानातला बिल्ला ढिला झालाय का ते बघायचं निमित्त. गोठ्याबाहेरच्या चिखलात खुरांचे ठसे बघितले. ठसे पाण्याकडे जात होते आणि पाण्याकडून येत होते. म्हाताऱ्याला एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारला.

"माज कधी दिसला होता बाबा, मागच्या वेळी?"

"सकाळी."

"किती वाजता?"

"सकाळी म्हंजी सकाळी."

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून पुन्हा, "म्हणजे उजाडायच्या आत, का न्याहारी झाल्यावर?"

"डॉक्टर," म्हातारा म्हणाला, "तुमी म्हैस भरवायला येता का जबानी घ्यायला?"

 त्या वेळी माझी नजर गोठ्यातल्या मेढीवर गेली. मेढ म्हणजे छपराला आधार देणारा लाकडी खांब. बसलेल्या बाईचं डोकं जिथवर येईल तेवढ्या उंचीवर त्याला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लहान, लाल, एकीखाली एक, ओळीने. मधेच एखादी हिरवी. मी खेड्यातलाच आहे. कॉलेजमध्ये जे शिकलो त्याखाली आधीचं सगळं तसंच शाबूत आहे. पहिला विचार करणीचा आला. दुसरा असा की ही माझ्या फेऱ्यांची मोजणी असावी, उद्या कुणापुढे तक्रार करायला.

"ते काय आहे बाबा?"

"कुठं? ते व्हय? बायांचं हाय." त्याने त्या दिशेला धड बघितलंही नाही.

मी कानाला फोन लावल्यासारखं केलं आणि मेढीचा फोटो काढला. तसं करायला नको होतं. दुसऱ्याच्या गोठ्याचा, तोही चोरून. पण तेव्हा मला वाटलं की पुरावा मिळाला.

घरी आल्यावर याडीला दाखवला. ती भाकरी करत होती. आमच्या बोलीत ती म्हणाली, आणि मी इथं मराठीत लिहितो, "टिकल्याच आहेत. बाई संध्याकाळी तोंड धुते, नवी लावते, जुनी कुठं तरी चिकटवते. कुणी आरशाला, कुणी चौकटीला. ही मेढीला चिकटवते. म्हणजे तेव्हा ती मेढीजवळ बसलेली असते."

"गोठ्यात? कशाला?"

याडीने तव्यावरून नजर उचलली. "तिथं धार कोण काढतं?"

मला माहीत नव्हतं. त्या घरी माझ्या किती फेऱ्या झाल्या होत्या, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. फॉर्मवर मालकाच्या नावाचा रकाना होता, तिथं म्हाताऱ्याचं नाव होतं, आणि म्हशीबद्दलचा प्रत्येक प्रश्न मी त्या नावालाच विचारत आलो होतो.

मी जेवण बाजूला ठेवून नोंदवही काढली. फोटो मोठा करून टिकल्या मोजल्या. रोजची एक धरली तर शेवटची टिकली कालच्या संध्याकाळची होती, कारण आज मी धारेच्या आधीच तिथून निघालो होतो. तिथून मागे मोजत गेलो. माझ्या तिसऱ्या रेतनाचा दिवस सोळावा येत होता. तिथं लाल टिकली होती. सतरावी हिरवी. मी पुन्हा मोजलं. एखादी टिकली गळून पडली असेल असं म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. मग त्या हिरवीच्या मागे गेलो: वीस लाल, आणि एकविसावी पुन्हा हिरवी. म्हैस गाभण नसली की साधारण एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर येते, हे मी पाठ केलं होतं. दुसरं रेतन नोंदवहीत त्याही हिरवीच्या दुसऱ्या दिवशी होतं.

दोन्ही वेळा हिरवी टिकली माझ्या रेतनाच्या आदल्या संध्याकाळची.

"माजावर आली की म्हैस दूध चोरते," याडी म्हणाली. "धारेला बसलं की पान्हा सोडत नाही, दाव्याला हिसके देते. जी कासेखाली बसते तिला आधी कळतं. तू वहीत शिकलास ना हे?"

शिकलो होतो. नंतर शोधलं तर वहीत सापडलंही, बाविसाव्या पानाच्या तळाशी, चौकटीशिवाय: म्हशीचा माज बहुधा मुका असतो, संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो, गाईसारखी हंबरत नाही, काचेसारखा चिकट स्राव दिसेलच असं नाही. सरांनी तास संपता संपता सांगितलं असावं. मी ते घाईच्या अक्षरात लिहिलं होतं.

आता सगळा क्रम समोर आला. म्हैस संध्याकाळी माजावर येत होती. सुनेला धारेला बसल्यावर कळत होतं, आणि त्या संध्याकाळी ती मेढीला जुन्या लालऐवजी हिरवी चिकटवत होती. पण सासऱ्यासमोर सून "म्हैस माजावर आली" असं कसं म्हणेल? ती सकाळी एवढंच म्हणत असणार की म्हैस वैरण खात नाही. मग म्हातारा न्याहारी करून गोठ्यात जाणार, त्याला जे दिसायचं ते दिसणार, आणि नऊ वाजता मला फोन. फोन आल्यावर मी माझा नियम काढणार: सकाळी दिसला, संध्याकाळी भरवा. एक पूर्ण दिवस उलटल्यावर मी पोचत होतो. म्हाताऱ्याने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्याला सकाळीच दिसत होता.

आणि मग सुनेचं ते बोलणं आठवलं. काल सांजपासून सोंगं करून राहिली. तिने माझ्यासमोर, मला ऐकू येईल अशा आवाजात, तारीख आणि वेळ सांगितली होती. आधीच्या वेळीही ती म्हशीशी काहीतरी बोलली होती. काय, ते मला आठवेना, कारण मी तेव्हा पाण्याचं तापमान बघत होतो.

पुढचा माज चार-पाच दिवसांवर आला होता. म्हातारा बाजाराचं बोलला होता ते गमतीने बोलला नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं की म्हशीने दूध चोरलं त्या संध्याकाळीच मला कळवायची काही सोय होईल का.

"कोण कळवणार?"

"जे धार काढतात त्यांनी."

म्हाताऱ्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग शांतपणे म्हणाला, "आमच्या घरची सून तांड्याच्या पोराला फोन लावून सांगणार, म्हैस माजावर आली म्हून. बराबर हाय का हे? तुमीच सांगा."

तो रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पदवीधर, खिशात संस्थेचं ओळखपत्र, आणि त्याच्या तोंडी मी तांड्याचं पोरगं. पण फोटो चोरून मीच काढला होता. त्याचा संशय आणि माझा, यात फार अंतर नव्हतं.

सून गोठ्यात शेण भरत होती. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हशीकडे वळलो आणि म्हशीलाच म्हणालो, "बाई, माझी आई आहे घरी. तिच्याकडे साधा फोन आहे. तिला गुरांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. बायांनी बायांशी बोलायला काय हरकत आहे?" आणि याडीचा नंबर म्हशीला दोनदा सांगितला, सावकाश.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "आता म्हैस फोन लावणार का?"

"लावील," मी म्हणालो.

शेणाच्या पाटीमागून आवाज आला, "ऐकलं का गं बाई? ध्यानात ठेव."

म्हातारा उठला आणि बाहेर गेला. त्याला सगळं कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी दिवेलागणीनंतर याडीचा फोन वाजला. तिने दूध चोरलं का, हिरवी लावली का, एवढंच विचारलं आणि बऱ्याच वेळा "हां, हां" म्हणाली. मग मला म्हणाली, "हिरवी लावली म्हणते."

मी उजाडताना तिथं पोचलो. म्हातारा अंगणातच होता.

"मी फोन केला न्हाई."

"माहीत आहे बाबा."

"मंग कसे आले?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तो गोठ्यात गेला, म्हशीच्या मागे उभा राहिला, वाकून बघितलं. "काय बी न्हाई. निवांत रवंथ करून राहिली. उगं कांडी घालवू नका."

तो खरं सांगत होता. म्हैस शांत उभी होती. स्राव नाही, हंबरणं नाही, काही नाही. इतक्यात सगळा संशय परत आला, आणि या वेळी तो सुनेवर गेला. म्हैस बाजारात जाऊ नये म्हणून ती काहीही करील. एक संधी जास्त मिळावी म्हणून तिने मनानेच हिरवी लावली नसेल कशावरून? दूध काय, हजार कारणांनी कमी येतं. आणि मी एका टिकलीवर विसंबून, माजाचं एकही लक्षण नसताना रेतन केलं, तर वर काय सांगणार?

मी हातमोजा चढवला आणि आतून तपासलं. प्रशिक्षणात हे करायला शिकवतात. माजावरच्या जनावराचं गर्भाशय हाताला ताठर लागतं. मी ते शेकडो वेळा केलं होतं, पण खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मालकाने आधी सांगितलेलं असायचं की माज आहे, आणि हात फक्त होकार द्यायचा. त्या सकाळी पहिल्यांदा मी हाताला विचारलं. पहिल्या झटक्यात काहीच कळलं नाही. मी डोळे मिटले आणि थांबलो. मग बोटांखाली ते हळूहळू आवळत आलं, घट्ट, वळलेल्या दोरासारखं. मला वाटलं तरी तसं, किंवा मला तसं वाटायला हवं होतं. कोणतं खरं, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

मी कांडी काढली.

फॉर्मवर माज दिसल्याची वेळ लिहायची होती. म्हातारा म्हणाला, "मला तर दिसलाच न्हाई. आता काय लिहिता?" मी "काल संध्याकाळ" असं लिहिलं. कोणाला दिसला, यासाठी रकाना नव्हता.

"ही उलटली," म्हातारा म्हणाला, "तर म्हैस बाजारी आन् तुमचं येणं बी बंद."

त्यानंतरचे तीन आठवडे मी वाईट काढले. नवा शोध लागल्याच्या भरात दुसऱ्या गावातल्या दोन घरी सांगून ठेवलं होतं की म्हैस दूध चोरायला लागली की लगेच कळवा. एका घरून निरोप आला. मी धावत गेलो, हात घातला, मला ताठर लागलं, कांडी वापरली. निघताना त्या घरची म्हातारी सहज म्हणाली की आदल्या दिवशीच म्हशीचं रेडकू मेलं. दूध का चोरलं ते तेव्हा कळलं. म्हणजे हातालाही जे लागायला हवं होतं तेच लागलं होतं. परत येताना मी नाक्यावर चहासाठी थांबलो आणि चहा समोर निवला तरी तसाच बसून राहिलो. वहीवरचा विश्वास उडाला, तो हातावर टाकला, आता हातही गेला. मग सुनेच्या म्हशीचं काय?

फोन करून विचारायचं धैर्य झालं नाही. पंचविसाव्या दिवशी शेजारच्या घरी गाय होती म्हणून त्या गल्लीत जावं लागलं. काम झाल्यावर मी गोठ्यात डोकावलो. म्हातारा बाजेवर बसून दोर वळत होता. सून म्हशीला पाणी दाखवत होती. मी आधी मेढीकडे बघितलं.

शेवटच्या हिरवीखाली सगळ्या लाल. मी मोजल्या. चोवीस. एकविसावी लाल, बाविसावी लाल, तेविसावी लाल. गर्भ राहिला नसता तर एकविसाव्याच्या आसपास हिरवी यायला हवी होती. पण लगेच मनात आलं, हिच्याकडच्या हिरव्या टिकल्या संपल्या असतील. घरात एखादं पाकीट असणार, त्यात चार-पाच हिरव्या, संपल्या. मग ही लालच लावणार. बाजार टाळायचा तर लालच लावणार.

म्हातारा बघत होता. मी म्हशीला विचारलं, "काय बाई, हिरव्या संपल्या का?"

सुनेने बादली खाली ठेवली. ती पहिल्यांदा हसली असावी, पदरामुळे दिसलं नाही. "अगं बाई," ती म्हशीला म्हणाली, "सांग त्यांला. हिरव्या लई पडून हायेत. लावायची गरजच पडून न्हाई राहिली."

तरीही मी अडीच महिने थांबलो आणि हाताने गर्भ तपासला. हात धुऊन म्हाताऱ्याला सांगितलं की म्हैस गाभण आहे. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावर विशेष काही दिसलं नाही. सुनेने तर ऐकून मागे वळूनही बघितलं नाही. तिला ही बातमी दोन महिन्यांपूर्वीच मिळाली होती.

"म्हंजी," म्हातारा म्हणाला, "या बारीला कांडीत काही तरी होतं."

"कांडी तीच होती बाबा. वेळ बदलली."

"व्हय का." त्याने माझ्याकडे तिरपं बघितलं. "तुमी म्हणता तर असंल."

तो त्या दिवशी हिंगोलीच्या बाजारावरून आला होता. पिशवी बाजेवर उपडी केली तेव्हा हळदीची पुडी, तंबाखू आणि म्हशीसाठी नवं दावं निघालं. ते त्याने सुनेकडे न बघता मेढीजवळ टाकलं. जाताना मी वळून बघितलं तर म्हातारा मेढीसमोर वाकून उभा होता आणि एकेका टिकलीवर बोट ठेवत, ओठ हलवत, मोजत होता.